हातचं राखून – भाग ५ : पेटीतलं लुगडं ओळखायचं कसं

नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. कमरेभोवती खोचलेला भाग, बसताना अंगाखाली दबणारा भाग आणि घोट्याजवळ घासला जाणारा काठ आधी विरतो. पदराकडचा भाग मात्र कित्येक वर्षं धड राहतो. ज्या बाया रोज लुगडं नेसत, त्यांना हे हिशेब तोंडपाठ होते. म्हणून लुगडं मधेच विरलं की ते टाकलं जात नसे. विरलेला पट्टा आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडायचे. याला दांड घालणं म्हणतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्यातलं हातभर गेलं तरी नेसण्यात फारसा फरक पडत नाही, आणि दांडाची शिवण निऱ्यांत किंवा कासोट्यात दडून जाते. दांड घातलेलं लुगडं पुन्हा विरलं की त्याचा धडपा व्हायचा, धडप्याचं बाळाचं दुपटं व्हायचं, आणि शेवटी त्याचे तुकडे गोधडीच्या पोटात जायचे.

ही साखळी आपल्या विदर्भात दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत घरोघरी चालू होती. आज जुने कपडे हौसेनं शोधून घालणाऱ्या तरुण मुली नागपुरात दिसतात, आजीच्या पातळाचा कुर्ता शिवून घेतात, गोधडी शिकायची इच्छा दाखवतात. मला याचा मनापासून आनंद होतो. पण एक गोष्ट राहून राहून जाणवते. कात्री हातात घेण्याआधी समोरचं कापड काय आहे, हे ओळखण्याचं शिक्षण कुणी देत नाही. काटकसर आधी डोळ्यांची आणि बोटांची असते. म्हणून या आठवड्यात शिवणकाम थोडं आणि ओळख जास्त.

नागपूरच्या जुन्या घरातली लोखंडी पेटी उघडली तर तीन तऱ्हांचं कापड हमखास निघतं: हातमागावरचं सुती लुगडं, गिरणीचं कापड, आणि नशीब असेल तर टसरची करवतकाठी.

आधी गिरणीबद्दल थोडक्यात. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी. भोवती वऱ्हाड-नागपूरचा कापूस, जवळ रेल्वे, म्हणून जागा इथली निवडली. ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली आणि गांधीसागराजवळच्या तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. गिरणीमुळं हातमाग संपला असं सरसकट म्हटलं जातं, पण नागपुरात गोष्ट इतकी सरळ नव्हती. घरोघरीचं हातसूत मागं पडलं हे खरं, पण हलबा कोष्टी विणकरांनी गिरणीचं सूत आपल्या मागावर चढवलं आणि लुगडी विणत राहिले. गोळीबार चौक, तांडापेठ, नाईक तलाव, पाचपावली या भागांत, शहराबाहेर उमरेडला, आणि भंडारा जिल्ह्यात पवनी, मोहाडी, आंधळगावला मागांची खटखट चालू राहिली. म्हणून पेटीतलं जुनं नागपुरी लुगडं बहुधा हातमागाचं असतं, पण हातसुताचं असेलच असं नाही. हातमाग म्हणजे विणकाम हातानं. खादी म्हणजे सूतसुद्धा हातानं कातलेलं. दोन्ही एकच समजून चालत नाही. खादीचा धागा उजेडात धरला तर कुठं जाड, कुठं बारीक दिसतो. गिरणीच्या सुताचं हातमागी कापड त्या मानानं एकसारखं असतं.

आता ओळखीची मुख्य जागा: काठ. कापडाचा सगळा इतिहास तिथं लिहिलेला असतो.

जुन्या पद्धतीनं विणलेल्या करवतकाठी लुगड्यात तीन धोटे चालतात. एक डाव्या काठाचा, एक उजव्या काठाचा, एक मधल्या अंगाचा. काठाचा आडवा धागा काठापुरताच जातो आणि जिथं काठ संपून अंग सुरू होतं तिथं अंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो. या एका गोष्टीतून दोन खुणा मिळतात. पहिली, काठाचा रंग भरीव दिसतो. लाल काठ असेल तर उभे-आडवे दोन्ही धागे लाल असतात, अंगाचा रंग त्यात मिसळत नाही. दुसरी, जिथं काठ आणि अंग भेटतं तिथं धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात, आणि ही वीण उलट्या बाजूनंही जवळपास सुलट्यासारखीच स्वच्छ असते. करवतीचे दाते म्हणजे काठावरची ती त्रिकोणांची रांग याच गुंतणुकीतून उमटते. प्रत्येक ओळीला तीन धोटे फेकायचे म्हणजे काम किती सावकाश होत असेल, याची कल्पना करा. बहुतेक वेळा मागावर एकाला दुसऱ्याची मदत लागते.

यंत्रमागाच्या नकलेत एकच आडवा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. त्यामुळं काठात अंगाचा रंग डोकावतो आणि काठ किंचित मळकट वाटतो. नक्षी वेगळ्या धाग्यांनी उठवलेली असते, म्हणून उलट्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापल्याचं कुसळ बोटाला लागतं. दुकानात असो की पेटीशी, आधी लुगडं उलटं करून पाहावं. अनेक जण काठालगतच्या बारीक भोकांवरून हातमाग ओळखतात. विणताना कापडाचा पन्हा ताणून धरायला टोकदार पट्टी लावतात, तिची ती भोकं. पण अशी ताणणारी व्यवस्था यंत्रमागावरही असते, म्हणून नुसत्या भोकांवर विसंबू नये.

करवतकाठीचं अंग टसरचं आणि काठ सुती, ही तिची जुनी बांधणी. टसर म्हणजे आपल्याच जंगलातलं रेशीम. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात, आणि या कामात ढिवर समाजाचा हात पिढ्यानपिढ्यांचा आहे. तुतीवरच्या रेशमासारखं हे पांढरंशुभ्र नसतं. मधाचा किंवा वाळूचा रंग त्याला जन्मतःच असतो, चमक दबलेली असते आणि धाग्यात बारीक गाठी-उंचवटे जाणवतात. हा खडबडीतपणा दोष नाही, तोच त्याचा पुरावा आहे. या साड्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

तरी शंका उरली तर जाळून पाहण्याची परीक्षा आहे. कापडाला आच लावायची नाही. पदराच्या दशीतून एकच धागा ओढायचा, स्टीलच्या ताटलीत चिमट्यानं धरायचा, शेजारी पाणी ठेवायचं. सुती धागा कागदासारखा भुरकन जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि मागं मऊ राख राहते. रेशीम, टसरसुद्धा, चरचरत जळतं, ज्योत काढली की विझायला लागतं, जळक्या केसांचा वास येतो, आणि काळा मणी बोटांत सहज चुरडला जातो. पॉलिस्टर जळण्याआधी वितळतं, काळा धूर देतं आणि टणक गोळी होते, ती चुरडत नाही. अंगाचा आणि काठाचा, उभा आणि आडवा, असे वेगवेगळे धागे तपासावेत, कारण उभं सूत आणि आडवं रेशीम असंही कापड असतं.

एवढं कळलं की पुढचा निर्णय आपोआप सुचतो.

धड असलेली करवतकाठी कापू नये. तिची बॅग, उशीचे अभ्रे, दिव्याची झालर करण्याची जी चाल पडली आहे ती मला अजिबात पटत नाही. नेसता येणारी वस्तू मोडून शोभेची वस्तू करणं ही काटकसर नव्हे, नासाडी आहे. अंग विरलेलं असेल तेव्हा गोष्ट वेगळी. रेशीम उन्हानं लवकर कमजोर होतं आणि घडीवर चिरतं, सुती काठ मात्र शाबूत राहतो. असा काठ उसवून नव्या सुती पातळाला किंवा ओढणीला लावता येतो, पोलक्याच्या बाहीला लावता येतो. उसवताना काठाबरोबर अंगाची बोटभर पट्टी ठेवावी. धागे तिथंच गुंतलेले असतात. अगदी काठालगत कापलं तर दाते उसवतात.

सुती लुगड्याला दांड घालायचा तर मशीनपेक्षा हात बरा. जुनं कापड मशीनच्या दातांखाली ओढलं जातं आणि शिवणीलगत फाटतं. दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा, एकाची कड दुसऱ्यापेक्षा अर्ध्या पेराएवढी पुढं काढा, आणि बारीक धावदोरा घाला. मग पुढं आलेली कड मागच्या कडेवर दुमडून शिवण सपाट पाडा आणि तुरपाई करा. दोन्ही कडा आत बंद होतात, कुठलंही सूत सुटत नाही आणि शिवण अंगाला टोचत नाही. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो. ताण आला की तो तुटत नाही, जुनं कापडच कापतो. काठाला काठ जुळवूनच सुरुवात करा. काठ चुकला तर सगळा दांड वाकडा दिसतो.

आता गोधडी. जुन्या लुगड्याचीच गोधडी का मऊ लागते, याला कारण आहे. विणण्याआधी उभ्या सुताला खळ पाजलेली असते, म्हणून नवं कापड कडक असतं. वर्षानुवर्षांच्या धुण्यानं ती निघून जाते, सूत फुगतं, तंतू मोकळे होतात. आटायचं तेवढं कापड आधीच आटलेलं असतं, म्हणून गोधडी धुतल्यावर वेडीवाकडी होत नाही. नव्या कापडाचा थर घालायचाच तर तो आधी धुऊन घ्यावा. आणि पॉलिस्टरची साडी सुतीच्या पोटात कधी घालू नये. सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि सगळ्या गोधडीला सुरकुत्या पडतात. शिवाय ती घाम टिपत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे किती महत्त्वाचं आहे ते नागपूरकरांना सांगायला नको.

वरखाली चांगले तुकडे, पोटात विरलेले. एका तुकड्याची विरलेली जागा दुसऱ्याच्या धड जागेवर येईल असे थर लावायचे. सगळी दुबळी ठिकाणं एकाखाली एक आली तर तिथंच गोधडी बसते. आधी मोठे कच्चे टाके घालून थर पक्के करा, मग कडेनं धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन असं आत मध्याकडं जात राहा. शेकडो लहान टाके ताण वाटून घेतात. एखादा दोरा तुटला तरी थर सरकत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तेवढाच भाग पुन्हा शिवता येतो. बंगालच्या कांथ्यातही हाच साधा टाका आहे, जपानी साशिकोतही. तिकडं त्यांना आता कलादालनात जागा मिळते आणि मोल मिळतं. आपल्या गोधडीवर अजून अनेक घरांत गरिबीचा शिक्का आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

वस्तू टिकवून वापरण्याच्या या विचाराचा जाणता माणूस आपल्या शेजारीच, वर्ध्यात होता. जे. सी. कुमारप्पा परदेशात शिकलेले हिशेबतपासनीस आणि अर्थशास्त्री. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्यांनी वर्ध्यात बसून त्याचा कारभार सांभाळला. वस्तू किती स्वस्त मिळाली यापेक्षा ती किती टिकली आणि तिच्यावर किती हात जगले, हा हिशेब त्यांनी मांडला. वर्ध्याचं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलं. तिथं चरखे आणि ग्रामोद्योगाची साधनं पाहायला मिळतात. नागपूरहून दीड-दोन तासांचा प्रवास आहे, मुलांना घेऊन एकदा जाच.

आणि एक आग्रह. जुनं सांभाळायचं म्हणून नवं हातमागी घ्यायचं नाही, असं होऊ नये. आज कुणी विणलं नाही तर पन्नास वर्षांनी पेटीत काय निघणार? महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, त्यांचा माल ‘इंद्रायणी’ या नावानं विकला जातो. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हिवाळी शिल्पमेळ्यात कारागीर स्वतः बसलेले असतात. तिथं काठ उलटा करून पाहा, तीन धोट्यांचं काम आहे का विचारा. विचारणारं गिऱ्हाईक भेटलं की विणकराचा चेहरा खुलतो, आणि तो जे सांगतो ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. तिथं घासाघीस मात्र करू नका.

शेवटी पेटी परत लावण्याबद्दल. खळ दिलेली साडी तशीच ठेवू नका, कसर खळीवर येते. धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. टसर कडक उन्हात घालू नका, सावलीत वारा द्या. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा त्याला उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धोतराच्या मऊ धडप्यात गुंडाळा. डांबरगोळी कापडाला थेट लागू देऊ नका. आणि वर्षातून दोनदा घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर लुगडं घडीवरच चिरतं.

पुढच्या आठवड्यात: रफू. फाटलेल्या जागी उभे-आडवे धागे भरून कापड पुन्हा विणायचं कसं, आणि ठिगळ कधी लावायचं. सराव करायला एखादा जुना सुती रुमाल, बारीक सुई आणि त्याच रंगाचं सूत काढून ठेवा.