डोंगरावरची उड्डाणे आधी कागदावर

बोरिवलीची आरोही पंडित आणि तिची मैत्रीण कीथेअर मिस्किटा या दोन तरुण वैमानिक जुलै 2018 मध्ये पतियाळाहून जगप्रवासाला निघाल्या. ‘माही’ नावाचे त्यांचे विमान एका इंजिनाचे, वजनाने सुमारे 400 किलो. पुढे मे 2019 मध्ये आरोहीने एकटीने स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंडमार्गे कॅनडा गाठले. इतक्या हलक्या विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली महिला ठरली.

वाचकहो, हे नुसते धाडस नव्हे. असा अनेक दिवसांचा प्रवास आधी कागदावर होतो. इंधन वाढवले की सामान कमी करावे लागते. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोर घटतो आणि उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते. डोंगरापलीकडे उतरणारा वारा विमानाला खाली ओढतो. म्हणून डोंगरधारेकडे तिरपे जायचे, म्हणजे मागे वळायला जागा राहते. दुपारी डोंगरावर ढग चढतात, म्हणून सकाळी लवकर निघायचे. तीन-चार विमाने सोबत असतील, तर सर्वांत संथ विमान पाहून टप्पे आखायचे आणि खराब हवामानासाठी जादा दिवस हाताशी ठेवायचे.

सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या परिस्थितीत परत फिरायचे ते निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवायचे. मग परतण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आम्हाला वाटते, उद्या आपल्या घरातली मुलगी वैमानिक व्हायचे म्हणाली, तर ‘तुला झेपेल का?’ असे विचारू नये. ‘तयारी काय काय करायची?’ असे विचारून तिच्यासोबत वही-पेन घेऊन बसावे.