वॅटचं तारण

काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर. आमच्या सौ.च्या कानांच्या तपासणीसाठी ही वाट दर महिन्याला ठरलेली. संत्र्यांच्या बागा मागे पडू लागल्या की मी गाडीतला स्टिरिओ लावतो. बहुधा भीमसेन जोशींचे अभंग. सौ. म्हणायची, "शब्द कळत नाहीत हो." मी आवाज वाढवायचो. मग ती म्हणायची, "आता तर मुळीच कळत नाहीत." कानच गेले, त्याला स्टिरिओ काय करणार, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन मोकळा झालो होतो.

तो निकाल फिरवला गावातल्याच एका गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या पोरानं. दोन मिनिटं ऐकून तो म्हणाला, "काकाजी, काकूच्या कानाले कायले दोष देता? तुमच्या टेपातच दम नाही जी!"

त्यानं मग जे समजावलं, ते मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. बँकेत हयात गेली, आकडेमोडीशिवाय विश्वास बसत नाही. चालत्या गाडीत वीज मिळते सुमारे १४ व्होल्टची. स्पीकरचा विरोध ४ ओहम. एवढ्या दाबावर साध्या स्टिरिओच्या पोटातली चकती स्पीकरला फार तर १५ ते २० वॅट देऊ शकते. खोक्यावर मात्र '५० × ४' छापलेलं! आता अभंगात पखवाजाची थाप पडते, तेव्हा क्षणभरासाठी लागणारी ताकद सरासरीच्या कितीतरी पट असते. तेवढी जवळ नसली की ध्वनीच्या लाटेचा माथा छाटला जातो. तोच तो चिरका, फाटका आवाज. त्यात शब्द बुडतात. वर ह्या छाटलेल्या लाटा बारीक आवाजाचे छोटे स्पीकर जाळतात ते वेगळंच. स्पीकर जास्त ताकदीनं जळतो असं आपण समजतो, पण दुबळ्या यंत्राला ताणल्यानंही तो जळतो.

अ‍ॅम्प्लिफायर इथे काय करतो? बॅटरीचा प्रवाह तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून त्याचा दाब वाढवतो आणि पुन्हा सरळ करतो. समजा १४ चे ३० व्होल्ट झाले. दाब दुप्पट झाला की ताकद चौपट होते, हा शाळेतलाच नियम. मग त्याच स्पीकरला शंभरेक वॅट पोचू शकतात. स्टिरिओकडून आलेला नाजूक सूर ह्या साठ्याचा नळ उघड-बंद करतो, एवढंच.

नागपूरच्या दुकानात दोन खोकी समोर आली. एकावर ठसठशीत '२००० वॅट'. दुसऱ्यावर बिचारं '५० × ४ आरएमएस'. किंमत जवळपास सारखी. आरएमएस म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती ताकद. बाकी 'मॅक्स', 'पीएमपीओ' वगैरे कर्ज मागणाऱ्यानं अर्जात लिहिलेलं उत्पन्न समजा. आम्ही अर्ज वाचायचो, पण पैसे द्यायचो तारण पाहून. इथलं तारण म्हणजे फ्यूज. दोन हजारवाल्याचा फ्यूज निघाला २० अँपिअरचा. २० गुणिले १४ म्हणजे आत जाणारी वीजच २८०. त्यातली जवळजवळ निम्मी उष्णतेत जाते. दोन हजार येणार कुठून? दुसऱ्याचा फ्यूज ३० चा. ४२० आत, २०० बाहेर. हिशेब जुळला, तोच घेतला. ('डी' वर्गातले नवे अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्क्यांवर वीज कामी लावतात, कमी तापतात. आमच्याकडच्या मे महिन्यात सीटखाली ठेवायचं तर तेच बरे.)

खरेदी जपून केली. जोडणी मात्र घाईनं उरकली. परत येताना कळमेश्वरच्या पुढे जळकट वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर. मी पान्यानं बॅटरीची तार सोडवली, तेव्हा हात थरथरत होते. सौ. रस्त्याच्या कडेला पदर नाकाशी धरून उभी. बॅटरीपासून आत येणारी जाड वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती. घासून तिचं आवरण कापलं गेलं. अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज त्याच्या पलीकडे, तो काय वाचवणार! दुसरा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवाच, आणि भोकाला रबरी कडं. आमच्या पोरानं दुसऱ्या दिवशी दोन्ही बसवलं. अर्थची तार रंग खरवडून कोऱ्या पत्र्याला लावली, सुराची वायर विजेच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूनं नेली. नाहीतर इंजिनाची शिट्टी गाण्यात शिरते. 'गेन'चं बटण मी आवाजासारखं पिळू लागलो, तर त्यानं माझा हात धरला. "ते आवाजाचं नोहे काकाजी. ते स्टिरिओ अन् ह्याचं जुळवाले हाय."

पुढच्या महिन्यात निघालो. आवाज पूर्वीपेक्षा कमीच ठेवला होता. बऱ्याच वेळानं सौ. एका ओळीवर माझ्याआधी गुणगुणली आणि मग म्हणाली, "एवढे दिवस तुम्ही मला बहिरी समजत होता ना?"

मी गिअर बदलला.