म्हैसूरची येझदी : जोर आणि इंधनखर्च यांचा हिशेब

म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रज्ञानावर आधारित जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला.

दणकट म्हणून नावाजलेली ही दुचाकी मागे का पडली, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्या २५० सीसी टू-स्ट्रोक इंजिनात आहे. या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते, तर फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा. त्यामुळे जोर अधिक मिळतो. मात्र काही पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर पडते. वंगणाचे तेलही पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. १९८५ मध्ये हीरो होंडाची १०० सीसी फोर-स्ट्रोक दुचाकी आली आणि रोजच्या प्रवासासाठी ग्राहकांनी जोरापेक्षा इंधनबचतीला पसंती दिली. पुढे प्रदूषणाचे निकषही कडक होत गेले.

क्लासिक लेजंड्स कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी पुन्हा बाजारात आणली. या नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक आहेत.

जुनी येझदी घेऊ इच्छिणाऱ्यांनी तिची नोंदणी वैध आहे का, हे आधी तपासावे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक जवळपास मिळत नसल्यास, हौसेची ही दुचाकी रोजच्या वापरासाठी महागात पडू शकते.