सोलापूरचा डॉक्टर आणि चीनची शहरे

परदेश पाहून आलेला मनुष्य बहुधा इमारती मोजून येतो. चीनहून परतणारे हल्ली काचेचे मनोरे आणि वेगवान गाड्या यांचे वर्णन करतात, आणि ते खोटे नसते. परंतु शहर पाहावे कसे, हे शिकायला लोणी देवकरच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडून जाणारा हमरस्ता ज्या सोलापुरास पोचतो, तेथे १० ऑक्टोबर १९१० रोजी डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले. त्यांचाच प्रवास पाहू.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली. आपल्या राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघून ते त्याच महिन्यात कँटनला, आजच्या ग्वांगझौला, पोचले.

त्यांचा पुढील मार्ग युद्धाने ठरवला. चांगशावरून ते यांगत्सेकाठच्या हांकौला, म्हणजे आजच्या वूहानला, गेले. ऑक्टोबरअखेर कँटन आणि वूहान दोन्ही जपान्यांच्या हाती पडली. पथक नदीने वर यीचांगला व तेथून चुंगकिंगला सरकले. चिनी सरकार चुंगकिंगला का गेले, हे नकाशा सांगतो. यीचांगपुढे यांगत्से उंच कड्यांच्या घळींतून वाहते. ती वाट सैन्याला दुर्गम. म्हणून जपान्यांनी विमाने धाडली. हे शहर दोन नद्यांच्या संगमावर, टेकड्यांवर वसलेले. काठापासून वस्तीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. तेथे माल पिढ्यान्‌पिढ्या बांबू खांद्यावर घेतलेल्या हमालांनी चढवला. शहराचा भार कोण वाहतो, हे अशा गावी झाकून राहत नाही.

चुंगकिंगला असताना कोटणिसांना वडील वारल्याची बातमी कळली. ते घरी परतले असते तर कोणी बोल लावला नसता. ते पुढे निघाले आणि सियानवरून फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. बाँबहल्ल्यांनी ते गाव मोडले होते. माणसे, शाळा, इस्पितळे टेकड्यांतील गुहांत राहत. तेथली पिवळी माती वाऱ्याने साचलेली, कोरण्यास सोपी आणि कोरल्यावर ताठ उभी राहणारी. गुहा हिवाळ्यात उबदार, उन्हाळ्यात गार.

येथून पुढे कोटणीस प्रवासी उरले नाहीत. ते चिनी भाषा शिकले. त्यांच्या चिनी नावाला ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. १९४१ मध्ये ते बेथ्यून इस्पितळाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तेथील परिचारिका को चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले : भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच वारले.

पुढे १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, सीमेचा तंटा अजून मिटलेला नाही. तरी शिजियाझ्वांग येथे त्यांची समाधी जपली आहे आणि सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. सरकारांच्या भांडणात त्यांचे नाव बुडाले नाही, कारण ते माणसांच्या जखमा बांधून मिळवलेले होते.

आज ग्वांगझौहून वूहानला गाडी चार-पाच तासांत नेते. जरूर जावे. पण ज्यांच्या हातांनी ते शहर चालते, त्यांच्याशी दोन शब्द बोलून यावे. आणि तिकीट परवडत नसेल, तर सराव येथेही होतो. आपल्या औद्योगिक वसाहतीत दूरच्या मुलखातून माणसे कामाला येतात. त्यांची भाषा कोणती, गाव कोणते, आजारी पडल्यास त्यांना पाणी कोण देते, एवढे तरी आपण विचारावे.