कचारगडला निघालात? वानरापुढे फुटाणे टाकण्याआधी हे वाचा

बालाघाट : माघ पौर्णिमा जवळ आली की बालाघाट, लांजी, बैहर भागातले भाविक कचारगडची तयारी करू लागतात. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं हे ठिकाण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. धनेगावपासून पुढे डोंगराची चढण, दाट जंगल आणि मग विशाल नैसर्गिक गुहा. या जंगलात वानरंही राहतात. चढताना दम लागला की माणूस बसतो, पिशवी उघडतो आणि समोरच्या वानराला चार फुटाणे टाकतो. भाव चांगलाच असतो, पण परिणाम चांगला होत नाही.

जंगल पवित्र का?

गोंड परंपरेनुसार कली कंकाली मातेची मुलं या गुहेत कोंडली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली. त्या कामात किंगरीवादक हिरासुका पाटालीर यांनी प्राण गमावले, असं सांगतात. म्हणून विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक इथे येतात. समाजात ७५० गोत्रं मानली जातात. प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड जपायचं, अशी रीत आहे. म्हणजे इथे देव एकट्या गुहेत नाही, भोवतालचं रानही त्याचंच.

वानर वेगळं, माकड वेगळं

काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. बालाघाटकडे त्याला लंगूर म्हणतात. लाल तोंडाचं ते माकड. वानराचं मुख्य खाणं झाडपाला, कळ्या, फुलं, फळं. त्याच्या पोटात अनेक कप्पे असतात. तिथले जिवाणू पाला आंबवतात, तेव्हा कुठे तो पचतो. बिस्किट, बुंदी, गोड प्रसाद पोटात गेला की तो झटपट आंबतो, आम्ल वाढतं, पोट फुगतं. माघात पानगळ असते, रान उघडं दिसतं, म्हणून वानर उपाशी असेल असं वाटतं. पण पळसाच्या कळ्या असतात, पुढे मोहफुलं येतात. त्याची सोय रानच करतं.

बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या जंगलात वानर आणि चितळांची सोबत प्रसिद्ध आहे. वानर वरून पाला, फळं पाडतं, खाली चितळ खातात. वाघ-बिबट दिसला की वानर झाडावरून खाकरतं आणि चितळ सावध होतात. रस्त्यावर पिशव्यांची वाट पाहत बसलेलं वानर या कामातून उठतं.

यात्रा संपते, सवय राहते

यात्रेकरू दोन-चार दिवसांत घरी जातात. आयत्या खाण्याला चटावलेली टोळी मात्र तिथेच राहते. मग ती जंगलालगतच्या गावात उतरते. हरभरा, लाखोळीचं शेत तुडवते, घरावरचे कवेलू फोडते. रस्त्यावर गाडीखाली येतात ती वेगळीच. एका मुठीचं पुण्य आपलं, नुकसान मात्र शेतकऱ्याचं.

जाताना काय पाळायचं?

– खाणं बंद डब्यात न्या. हातात प्लास्टिकची पिशवी लटकवू नका. तिच्यात खाणं असतं हे वानराला लवकर कळतं.
– वानर जवळ आलं तर पळू नका, दात दाखवू नका, डोळ्याला डोळा लावू नका. हळूच मागे सरका.
– पिलाजवळ फोटोसाठी जाऊ नका. लेकरांचा हात धरून ठेवा.
– चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस लागेल का ते डॉक्टर ठरवतील. हळद, चुना, मिरची लावत बसू नका.
– प्रसादाचा कागद, द्रोण, बाटल्या परत खाली आणा.

कसं जायचं?

बालाघाटहून रेल्वेने गोंदिया, तिथून डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजरने सालेकसा किंवा दरेकसा. पुढे धनेगावपर्यंत गाडी आणि मग पायी चढण. लांजीकडून येणाऱ्यांना आमगाव-सालेकसा रस्ता सोयीचा.

ज्या देवाच्या रानात झाड, पाखरू, जनावर जपायची शिकवण आहे, तिथे वानराला त्याचा पालाच खाऊ देणं हीसुद्धा सेवाच आहे. फुटाणे घरून नेले असतील, तर ते चढताना सोबतच्या माणसाला द्या.