लावणीत वाकून उठताना अंधारी का येते?

भोर-वेल्ह्यात भाताच्या खाचरात तासभर वाकून तुम्ही एकदम उभे राहता, तेव्हा रक्त पोटाकडे-पायांकडे उतरते. डोके वर आल्याचे कानाच्या आतील तोलाच्या अवयवाला लगेच कळते. पण मुख्यतः मानेतील दाब जोखणाऱ्या नसांच्या इशाऱ्यावर मेंदू पायांच्या रक्तवाहिन्या आवळतो. कानातील हा अवयवही मदतीला असतो. उतारवयात, पाणी कमी पडल्यावर किंवा बीपीच्या गोळ्यांमुळे हे सावरणे उशिरा होते. म्हणून आधी बांधावर टेका, मग उठा. गोळी मनाने बंद करू नका. बसून आणि उभ्याने बीपी मोजून घ्या. अंथरुणात कूस बदलताना घर गरगरत असेल, तर तो बहुधा कानाचा वेगळा त्रास. चक्करेसोबत बोलणे अडखळले किंवा हात लुळा पडला, तर लगेच 108 ला फोन करा.