डोंगरातले राष्ट्रीय उद्यान: कोणत्या मोसमात निघावे?

माल तोच असतो, पण मोसम चुकला की भाव पडतो, हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. सैर-सपाट्याचेही तसेच आहे. जंगल तेच, डोंगर तोच, बसचे भाडेही जवळपास तेवढेच. पण मे महिन्याच्या भर दुपारी पन्नास माणसे तापलेल्या कातळावर नेऊन उभी केली, किंवा ऐन पावसात बंद फाटकापर्यंत जाऊन परत आणली, तर पैसा गेलाच आणि वर्षातून एकदा मिळणारी सुट्टीही गेली. आमच्या मानकोलीच्या गोदामांतून आणि भिवंडीच्या कारखान्यांतून दरसाल अशा सहली निघतात. मालक खर्च करतो, कारागीर बायको-मुलांना घेऊन येतो. त्या कारागिराला पुढची संधी वर्षभराने. म्हणून व्यापारी बंधूंसाठी हा विषय या पानावर घेतला आहे.

महाराष्ट्रात एकूण सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी ताडोबा, पेंच आणि नवेगाव विदर्भाच्या पूर्वेकडे. राहिलेली तीन खऱ्या अर्थाने डोंगरातली: सातपुड्यात मेळघाटचे गुगामल, सह्याद्रीच्या माथ्यावरचे चांदोली आणि आपल्या उंबऱ्याशी असलेले बोरिवलीचे संजय गांधी उद्यान. मोसमाचा हिशेब या तिघांचा सारखा नाही.

आधी पाऊस समजून घ्यावा, कारण बाकी सर्व त्याच्यावर ठरते. समुद्रावरून आलेले ओले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. पलीकडे उतरणारा वारा कोरडा असतो. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून खाली वाईला हजारही भरत नाही. चांदोली याच माथ्यावर आहे. वारणेचे पाणी तिथूनच येते. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबई परिसरात पाऊस 11 जूनच्या सुमारास लागतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. मधले चार महिने चांदोली आणि मेळघाटच्या गाभ्यातले जंगल पर्यटकांना बंद असते. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, असे धरून चालावे. नेमकी तारीख वनखात्याच्या कार्यालयात विचारूनच बस ठरवावी. आमच्या ओळखीच्या एका कारखानदारांनी ऑगस्टात दोन गाड्या भरून नेल्या. फाटकावरच्या गार्डने नम्रपणे परत पाठवले. बिर्याणीची देग महामार्गाच्या कडेला उघडावी लागली.

पाऊस ओसरल्यावरचे सहा-सात आठवडे, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, डोंगर हिरवा असतो, ओढ्यांना पाणी असते आणि हवा धुतलेली असते. ऑक्टोबरात दुपारचे ऊन मात्र चटका देते. सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत फिरणे आटोपावे. बोरिवलीत याच दिवसांत फुलपाखरे सर्वांत जास्त दिसतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी, कोरडी हवा, बाहेरून आलेले पक्षी. ज्या दिवसांत आपल्याकडे हवेतला ओलावा कमी होऊन ताण्याचे धागे फटाफट तुटतात आणि लूमवाला वैतागतो, तेच दिवस जंगलात चालायला सर्वांत आरामाचे. फेब्रुवारीत पानगळ सुरू होते. झाडे उघडी पडली की आतले दिसू लागते. आणि पळस, पांगारा, सावर हे पान नसताना फुलतात. लाल-केशरी रंग पाहायचा असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा. ते रंग आमच्या रंगाऱ्यालाही जमायचे नाहीत.

एप्रिल-मेबद्दल दोन मते आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ज्याला जनावर पाहायचे आहे तो म्हणेल, उन्हाळ्यातच जा. ओढे-नाले आटतात, पाणी थोड्याच ठिकाणी उरते आणि तहानलेले जनावर तिथे येतेच. म्हणूनच वनखात्याची पाणवठ्यावरची गणना मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात होत आली. पण ही गोष्ट मेळघाटला जशी लागू पडते तशी चांदोलीला पडत नाही, असे आमचे मत आहे. चांदोलीत धरणाचा वसंतसागर पसरलेला आहे, तो उन्हाळ्यात आटून जात नाही. शिवाय पुष्कळ जंगल सदाहरित आणि दाट. जनावराला एका पाणवठ्यावर यायची गरज काय? तेव्हा जनावर दिसेल या आशेने लहान मुलांना मेच्या उन्हात तिथे नेण्यात फायदा कमी आणि त्रास जास्त. मेळघाटला मे महिन्यात रात्री चिखलदऱ्याच्या उंचीवर बरे वाटते, पण खाली विदर्भाचे ऊन चाळीस अंशांच्या वर असते. अचलपूर-अमरावतीकडच्या बंधूंना हे आम्ही काय सांगावे.

आता बोरिवलीचे. मानकोली नाक्यावरून नाशिक महामार्गाने माजिवडा आणि तिथून घोडबंदर रस्त्याने बोरिवली. सकाळी लवकर निघालात तर वाहतूक फार अडवत नाही. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे आणि मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी हे तलाव त्याच्याच पोटात आहेत. सोमवारी ते बंद असते. रविवारी तुफान गर्दी असते. आपल्याकडे बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, आणि त्या दिवशी उद्यानात गर्दी नसते, ही सोय फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. पहाटे निघावे, अकरापर्यंत फिरून घ्यावे, जुम्याच्या नमाजला बोरिवलीत किंवा परत ठाण्यात पोहोचता येते.

आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. काळा कातळ, वर सावली नाही. एप्रिल-मेमध्ये तिथे पाय ठेववत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिथला मोसम. गंमत अशी की ही लेणी मुळात उलट्या मोसमासाठी होती. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरू नये, एका जागी राहावे, असा त्यांचा नियम. त्या निवाऱ्यासाठी डोंगर कोरला आणि पाणी साठवायला कातळात टाकी खोदली. खर्च कोणी केला, ते भिंतींवरच्या लेखांत आहे: दात्यांमध्ये व्यापारी आहेत, कारागीर आहेत आणि आपल्या शेजारच्या कल्याणचे पुष्कळ आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात तर विणकरांच्या श्रेणीकडे रक्कम ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना कापड द्यावे, असा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या धंद्याची एवढी जुनी पावती दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार? मुलांना ही लेणी आवर्जून दाखवावीत.

चांदोली दूर आहे, पण आपल्यापैकी ज्यांचा इचलकरंजीशी व्यवहार आहे त्यांना ते वाटेवरचेच म्हणायला हवे. पुण्याहून बंगळूरच्या महामार्गाने कराड, पेठ नाका, तिथून शिराळा आणि वारणावती. उगाहीला जाता-येता एक दिवस काढला तर वेगळे भाडे पडत नाही. 1985 साली अभयारण्य, 2004 साली राष्ट्रीय उद्यान आणि 2010 साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, असा त्याचा प्रवास. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून ते 317 चौरस किलोमीटर आहे. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण आणून इथे सोडण्यात आली. तरी वाघ दिसेल असे घरच्यांना सांगून नेऊ नये. गवा, सांबर, शेकरू दिसले तर नशीब; जंगल, सडे आणि खाली वारणेचे पाणी, हे मात्र ठरलेले. आमच्या हिशेबाने इथला सर्वांत उत्तम काळ दिवाळीनंतरचा. फाटक उघडून थोडेच दिवस झालेले असतात, वरच्या सड्यांवर गवत उभे असते, पहाटे धुके असते. धंद्याच्याही दृष्टीने ते सोयीचे: दिवाळीत मुंबईचे कापड बाजार लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत थंड असतात, गाठी उचलल्या जात नाहीत. त्या रिकाम्या दिवसांचा याहून चांगला उपयोग नाही.

कारागिरांचा प्रश्न वेगळा आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणचा कामगार मे महिन्यात लग्नकार्यासाठी गावी जातो. ज्याला सहलीला न्यायचे तोच नसतो आणि लग्नसराईमुळे बसचे भाडेही चढलेले असते. म्हणून मे महिन्याची सहल मालकालाही महाग आणि कामगाराच्याही कामाची नाही. राहते ईदची सुट्टी.

इथे चांदच्या हिशेबाकडे लक्ष द्यावे. ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हे सर्वांना ठाऊक आहे. कापडवाला तर त्यावरच माल भरतो, हिवाळ्यातल्या ईदला जाड कापड आणि उन्हाळ्यातल्या ईदला पातळ. 2009 ते 2018 या दहा वर्षांत ईदुल फित्र जून ते सप्टेंबरच्या दरम्यान पडली, म्हणजे भर पावसाळ्यात. बासी ईदला पोरे निघत ती धबधब्यांवर, आणि त्यातून काय काय घडले ते अनेक घरांना माहीत आहे. 2024 साली ईद 11 एप्रिलला आली, 2025 साली 31 मार्चला. पुढे 2028 साली ती फेब्रुवारीच्या अखेरीस येईल, 2030 साली फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि मग जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. चांद दिसण्याने एखादा दिवस मागेपुढे होईल, पण 2038 पर्यंत रमजानची ईद जंगलाच्या चांगल्या मोसमातच राहणार आहे. असा योग तेहतीस वर्षांच्या फेऱ्यात एकदा येतो. बकरीदचे तसे नाही. ती 2025 साली 7 जूनला होती आणि 2030 च्या सुमारास एप्रिलमध्ये सरकेल, म्हणजे ऊनच. तेव्हा मोठी सहल रमजान ईदनंतरच्या आठवड्यात ठेवावी.

पावसाबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगतो. बोरिवलीचे उद्यान पावसाळ्यातही उघडे असते आणि हिरवे तर इतके की नजर ठरत नाही. मोठी माणसे रस्त्याने फिरून आली तर हरकत नाही. पण ओढ्यात उतरणे वेगळे. डोंगरातला ओढा समोरच्या पावसाने नाही, वर पडलेल्या पावसाने वाढतो. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि पाणी गुडघ्यावरून छातीपर्यंत चढते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी थैमान घालणारी मिठी नदी याच डोंगरातून, विहार-पवईच्या पाण्यातून निघते आणि दहिसर नदी तुळशीकडून येते. मुलांची सहल जून ते सप्टेंबरमध्ये नको, मग शाळेने कितीही आग्रह केला तरी.

कपड्यांबद्दल आम्हाला बोलण्याचा हक्क आहे. ईदचा पांढरा शुभ्र कडक कुडता जंगलात घालू नये; तो लांबून चमकतो आणि जनावर आधीच निघून जाते. खाकी, मेंदी, मातकट असे रंग घ्यावेत. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे; सुती कापड घाम पिते. पावसाळ्यात मात्र सुती नको, कारण भिजले की दिवसभर वाळत नाही आणि अंगाला गार लागते. तिथे पॉलिस्टर मिश्रण बरे. नायलॉनची चुरचुरणारी जाकिटे टाळावीत, चालताना आवाज करतात. चांदोलीला डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जीपमध्ये वारा बोचतो. बायकांसाठी शाल आणि मुलांना कानटोपी घ्यावी, नऊ वाजता ती काढायचीच असते. नवे बूट घालून येऊ नये.

जेवण घरून शिजवून न्यावे. राष्ट्रीय उद्यानात चूल पेटवायला कायद्याने बंदी आहे, आणि फेब्रुवारीनंतर तर पाचोळा इतका वाळलेला असतो की एका विडीने डोंगर पेटेल. विड्या ओढणाऱ्यांना बसमध्येच समज द्यावी. माकडे पिशव्या ओढतात, तेव्हा डबे झाकणाचे असावेत. उष्टे व प्लास्टिक परत आणावे.

चांदोलीला जायचे तर परवानगी, गाडी आणि मुक्काम यांची चौकशी महिनाभर आधी करावी. दिवाळीच्या आठवड्यात पुण्या-कोल्हापूरची गर्दी असते, जागा मिळत नाही. बोरिवलीला एवढे लागत नाही. मात्र ईदनंतरचा दिवस सोमवार तर नाही ना, एवढे पाहून बसवाल्याला बयाणा द्यावा.